तोंडाला रंग लावण्याची विद्या

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींसमोर केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला आज बोलायला सांगितले, तेव्हा मी त्यांना म्हटले, “बाई, मी सातवी शिकलेली. भाषण करण्याचे काम माझे नव्हे.” त्या म्हणाल्या, “भाषण करू नका. तुम्ही मेकअपचे काम कसे शिकलात एवढेच सांगा. आपल्या वाडीतल्या चार मुली तेच विचारत फिरताहेत.” तेव्हा हे भाषण नव्हे. पाटावर बसून सांगावे तसे मी सांगते, आणि चुकले तर पदरात घ्या.

माझे माहेर राधानगरी तालुक्यातले. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा लांब, मध्ये ओढा, आणि पावसाळ्यात तो ओढा काय असतो ते तिकडच्या बायकांना ठाऊक आहे. म्हणून शाळा सुटली. लग्न होऊन कोल्हापुरात आले. आमचे हे शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत कामाला. दोन मुले झाली, सासूबाईंचे पथ्यपाणी, पाहुणेरावळे, यात वीस वर्षे कशी गेली ते कळलेच नाही.

मला एक नाद मात्र लहानपणापासून होता. कुणाचे तोंड नीटनेटके करून द्यायचे. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांना राधा, कृष्ण, शिवाजी महाराज, जिजाऊ करायचे असले की गल्लीतल्या बायका पोरांना माझ्याकडे पाठवायच्या. काजळ, कुंकू, पावडर आणि एखादी लालीची डबी, एवढ्यावर मी वीस-वीस मुले तयार केली आहेत. त्यावरून कुणी हळदीकुंकवाला बोलावले, कुणी डोहाळजेवणाला. कौतुक झाले की माणसाला आपल्याला सगळे येते असे वाटू लागते. मलाही तसेच वाटले.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती सांगायला मला लाज वाटते. पण ती न सांगता पुढचे सांगितले तर ते खोटे होईल.

२०१९ सालच्या फेब्रुवारीत आमच्या शेजारच्या काकूंच्या भाचीचे लग्न होते. काकू म्हणाल्या, “बाहेरची बाई पाच हजार मागते. तूच कर की.” मला आनंद झाला. मी बाजारातून एक फौंडेशनची डबी आणली. तिच्यावर ना कंपनीचा पत्ता, ना तारीख. स्वस्त होती म्हणून घेतली. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मुलीच्या चेहऱ्याला ब्लीच केले, का तर तेज यावे. संध्याकाळी हळद लागली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच चेहऱ्यावर मी ती डबी लावली. तासाभराने मुलगी म्हणाली, “मावशी, डोळ्यांखाली चुणचुणतंय.” मी म्हटले, “नवीन आहे म्हणून वाटतंय, होईल ठीक.” अक्षता पडायच्या वेळेस तिच्या पापण्या सुजल्या होत्या आणि गालावर लाल चट्टे उठले होते. मुंडावळ्या बांधलेली ती मुलगी खाली मान घालून बसली होती. लोकांना वाटले, लाजते आहे. ती रडत होती.

मुलगी आठ दिवसांत बरी झाली, देवाची कृपा. पण लग्नाचे फोटो काही पुन्हा निघत नाहीत. काकू माझ्याशी एक शब्दही वाईट बोलल्या नाहीत. त्यांनी बोलणेच बंद केले. भिंतीला भिंत लागून घर, आणि चार वर्षे आमच्यात वाटीभर साखरेची देवघेव झाली नाही.

त्या दिवशी मी ठरवले की एक तर हे काम सोडायचे, नाही तर शिकून करायचे. सोडायला जीव होत नव्हता. म्हणून शिकायला निघाले.

पहिल्यांदा मी फसले, तेही सांगते. एका क्लासात अठरा हजार रुपये भरले. तिथली पेटी घ्यायचीच अशी अट, तिचे बारा हजार निराळे. महिनाभराच्या शिक्षणात आम्ही पंचवीस जणी बाकावर बसून बघत होतो आणि शिकवणाऱ्या बाई एकाच गोऱ्या, तरुण मुलीला रोज नटवत होत्या. आमच्या हाताला ब्रश लागला तो तीन वेळा. मी एकदा विचारले, “बाई, या डबीत असते काय? एखादीला ते का सोसत नाही?” त्यांनी हसून सांगितले, “मावशी, तुम्हाला करायचंय काय ते? लावायचं आणि पैसे घ्यायचे.” महिन्याच्या शेवटी सोनेरी काठाचे प्रमाणपत्र मिळाले. ते मी ट्रंकेत ठेवले आहे, भिंतीवर नाही. माझ्या प्रश्नाचे उत्तर त्या कागदावर नव्हते.

मग टाळेबंदी आली. २०२० साल. ह्यांचे काम महिन्यातून दहाबारा दिवसांवर आले. घरात पैशाची खरी ओढ लागली ती तेव्हा. पुढच्या वर्षी कुणीतरी सांगितले की एक वयस्क रंगभूषाकार आहेत, नाटकात आणि चित्रपटात जन्म गेलेला, ते दोनतीन जणांना घरी शिकवतात. मी गेले. त्यांनी माझे हात बघितले, प्रमाणपत्र बघितलेच नाही. म्हणाले, “आधी तुमच्या हातून काय बिघडले ते सांगा.” मी त्या मुलीची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतले आणि बोटावर मोजून दाखवले. ब्लीचने कातडी हुळहुळी होते, तिला सावरायला आठवडा लागतो. तिच्यावर हळद घासली. तिच्यावर कशाची ते माहीत नसलेली डबी लावली. आणि मुलगी बोलली तेव्हा ऐकले नाही. “चार चुका,” ते म्हणाले, “आणि चौथी सगळ्यात मोठी.”

भगिनींनो, माझे खरे शिक्षण त्या वाक्यापासून सुरू झाले. दहा महिने मी त्यांच्याकडे जात होते.

घरात विरोध होताच. सासूबाई म्हणाल्या, “तोंडं रंगवायची ती तमासगिरांनी. आपल्या घरातल्या बाईचं ते काम नव्हे.” मी उलट बोलले नाही. पण ही विद्या हलकी की भारी, ते गुरुजींकडून कळले, आणि ते आपल्या कोल्हापूरच्या पोरीबाळींना ठाऊक असावे म्हणून सांगते.

अहो, ही विद्या तर आपल्या गावच्या मातीतली. आपले केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी बांधले, १९१५ साली ते उभे राहिले, तेव्हा त्याला पॅलेस थिएटर म्हणत. ऑगस्ट २०२४ मध्ये, ८ तारखेच्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी ते जळाले, तेव्हा आपण सगळ्याच रडलो. ज्यांचे नाव त्याला आहे ते केशवराव लहानपणी ‘शारदा’ नाटकात शारदेचे काम करायचे. बालगंधर्वांचे तर सांगायलाच नको. बायका त्यांच्यासारखे पातळ नेसायला आणि केस बांधायला बघत. म्हणजे त्या काळी पुरुषाला बाई करायचे, आणि ती अशी करायची की बायकांनी तिचे बघून घ्यावे. ही किमया अभिनयाची, गळ्याची, आणि रंगपटात बसून तोंडाला रंग लावणाऱ्या माणसाचीही.

चित्रपट आले तेव्हाही तेच. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले ते साळुंके नावाचे पुरुष. त्याच वर्षी फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई पडद्यावर आल्या. आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२० साली ‘सैरंध्री’ काढला, त्यातही बायकांची कामे बायकांनीच केली. आणि १९३२ साली प्रभात कंपनीने इथेच ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट केला, त्यात तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे. एकच तारामती. एकोणीस वर्षांपूर्वी पुरुष, एकोणीस वर्षांनी चांगल्या घरची शिकलेली बाई. दुर्गाबाईंनाही लोकांनी नावे ठेवली असतील. आज त्यांचे नाव आपण मानाने घेतो.

गुरुजींनी एक गंमत सांगितली. मूकपटाच्या काळातल्या बऱ्याच फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लाल कुंकू पडद्यावर काळे उमटायचे, लाल ओठ काळे व्हायचे, आणि निळे ते पांढरे दिसायचे. म्हणून आरशात बरे दिसते ते पडद्यावर बरे दिसेलच असे नाही, हे रंगभूषाकाराला आधी शिकावे लागे. हा धडा आजही खरा आहे. पिवळ्या बल्बखाली लावलेला मेकअप मांडवात उन्हात गेला की वेगळाच दिसतो. सनस्क्रीन आणि काही पावडरी अशा असतात की फोटोचा फ्लॅश पडला की चेहरा पिठात बुडवल्यासारखा पांढरा येतो. म्हणून मी नवरी तयार केली की आधी खिडकीपाशी नेऊन बघते, मग फ्लॅश लावून एक फोटो काढून बघते.

आता बायकांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बायका पडद्यावर आल्या, नट्या झाल्या, दिग्दर्शक झाल्या. पण मुंबईच्या चित्रपटधंद्यात बाईने रंगभूषाकार व्हायचे नाही, असा नियम होता. वेशभूषा, रंगभूषा आणि केशभूषा करणाऱ्यांची जी संघटना आहे तिच्यात बाईला केस बांधणारी म्हणून कार्ड मिळे, रंगभूषाकार म्हणून मिळत नसे. आणि कार्ड नाही तर सेटवर काम नाही. बायका आल्या तर पुरुषांचे पोट कसे भरणार, हे त्याचे कारण सांगत. साठएक वर्षे हे चालले. दिल्लीच्या चारू खुराना या बाई अमेरिकेत लॉस एंजेलिसला जाऊन ही विद्या शिकून आल्या. त्यांनाही कार्ड नाकारले. त्या आणि त्यांच्यासोबतच्या बायका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायमूर्ती दीपक मिश्रा आणि न्यायमूर्ती उदय लळित यांनी निकाल दिला की ही आडकाठी घटनेच्या विरुद्ध आहे आणि ती चालणार नाही. महाराष्ट्रात पाच वर्षे राहिले पाहिजे ही अटही गेली.

गुरुजी म्हणाले, “मी चाळीस वर्षे सेटवर काढली. आमच्या पेटीला बाईचा हात लागलेला मी पाहिला नव्हता, आणि मला त्यात वावगे कधी वाटले नव्हते. निकाल वाचला त्या दिवशी वाटले.” त्यांचा हा मोठेपणा मी विसरणार नाही. मी घरी येऊन सासूबाईंना ही हकिगत सांगितली. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “आपल्याच तोंडाला रंग लावायला बाईला कोर्टात जावं लागलं होय?” त्या दिवसापासून त्यांनी मला संध्याकाळच्या स्वयंपाकातून मोकळे केले.

आता मी काय शिकले ते थोडक्यात सांगते.

पहिले, कातडी ओळखणे. कोरडी, तेलकट, दोन्हीची मिसळ, आणि नाजूक. कोरडीवर पावडरीचा थर दिला की भेगा दिसतात, तेलकटीवर मलईसारखे लावले की दुपारी ओघळते. नवीन वस्तू थोडी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून निदान चोवीस तास, जमल्यास दोन दिवस थांबायचे. खाज नाही, लाली नाही, तरच चेहऱ्याला लावायची. हे काम नवरीच्या घरी आठ दिवस आधी जाऊन करायचे. ब्लीच किंवा फेशियल करायचेच असले तर तेही त्याच सुमारास. आदल्या दिवशी नवे काहीही करायचे नाही.

दुसरे, रंग ओळखणे. डोळ्यांखालचे काळे निळसर असते, त्यावर थेट गोरा रंग लावला तर राखेसारखे दिसते. आधी नारंगी छटा लावून ते मारायचे. मुरमांची लाली हिरवट छटेने मरते. फौंडेशनचा रंग मनगटावर बघू नये, जबड्याच्या कडेला लावून बघावा, म्हणजे चेहरा आणि गळा एक दिसतो. हळद लागलेल्या मुलीचा चेहरा दुसऱ्या दिवशी पिवळा असतो, तो धरूनच रंग निवडावा लागतो.

तिसरे, स्वच्छता. एकीच्या डोळ्याची मस्कराची काडी दुसरीला लावली तर डोळे येतात. लिपस्टिक कांडीने न लावता पट्टीवर काढून घ्यायची आणि ब्रशने लावायची. ब्रश प्रत्येक कामानंतर धुवायचे. मस्करा उघडला की तीन महिन्यांनी टाकून द्यायचा, जीव कितीही तुटला तरी. आणि डबीवर कारखानदाराचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदतीची तारीख नसेल तर ती फुकट दिली तरी घ्यायची नाही.

चौथे, माणसाचे ऐकणे. ती “चुणचुणतंय” म्हणाली की हात थांबवायचा आणि पुसून टाकायचे. मुहूर्त चुकला तरी बेहत्तर.

याच्या पुढे नाटक-सिनेमाची रंगभूषा आहे. तरुणाला म्हातारा करणे, दाढीमिशा चिकटवणे, जखमा आणि टक्कल करणे. ते मला थोडेच येते. पण मुलींनो, तुम्हाला तिकडे जायचे असेल तर आपल्या महाराष्ट्रातली माणसे डोळ्यांपुढे ठेवा. पंढरीदादा जुकर हे किती तरी नट-नट्यांना रंग लावणारे कलावंत, १९५७ सालच्या ‘परदेसी’ या भारत-रशिया चित्रपटाच्या निमित्ताने त्यांना रशियात ही विद्या शिकायला मिळाली. २०२० साली ते गेले. विक्रम गायकवाडांना रंगभूषेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, त्यात ‘बालगंधर्व’ हा मराठी चित्रपटही होता. २०२५ साली तेही गेले. आणि काम गावाजवळही आहे. वसगड्यात ‘तुझ्यात जीव रंगला’ मालिकेचे चित्रीकरण झाले, मोरेवाडीला आपली चित्रनगरी आहे. आता तिथे जाताना बाई म्हणून तुम्हाला कायदा अडवत नाही. अडवील ते फक्त अपुरे शिक्षण.

कुठे शिकायचे? दहावी झालेल्या मुलीने सरकारी आयटीआयमध्ये चौकशी करावी, तिथे कॉस्मेटॉलॉजी म्हणून एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. माझ्यासारख्या कमी शिकलेल्यांसाठी केंद्र सरकारची जनशिक्षण संस्थान ही योजना आहे, ती निरक्षर आणि शाळा सुटलेल्यांसाठीच आहे, पण वयाची हद्द पंधरा ते पंचेचाळीस. मला ती कळली तेव्हा मी शेहेचाळिशीत पाऊल टाकले होते, तेव्हा तुम्ही उशीर करू नका. खेड्यातल्या मुलींसाठी बँकांनी चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत, तिथे ब्यूटीपार्लरचे शिक्षण फुकट मिळते, राहण्याजेवण्याची सोयही असते. खाजगी क्लासात जायचे असेल तर पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. माझ्या हाताने किती चेहरे करायला मिळतील? सावळ्या, सुरकुतलेल्या, मुरमे असलेल्या चेहऱ्यांवर शिकवता का? पेटी तुमच्याकडूनच घ्यावी लागते का? आणि एक दिवस बसून बघू द्याल का? उत्तर टाळले तर पर्स उघडू नका.

पैशाचेही खरे सांगते, कारण मुलींना वाटते की एका लग्नाचे आठ हजार, म्हणजे लाखांची कमाई. मी नवरीचे पाच ते आठ हजार घेते. त्यातले हजार-बाराशे सामानाचे, पाचशे मदतीच्या मुलीचे, जाण्यायेण्याचे वेगळे. तुळशीच्या लग्नानंतर काम सुरू होते, आषाढ लागला की हात रिकामे. वर्षाचा मेळ घातला तर महिन्याला नऊ-दहा हजार सुटतात. ह्यांच्या पगारात भर म्हणून ते फार आहेत. लेकीच्या कॉलेजची फी मी भरते. पण सुरुवातीला दीड वर्ष मी वही लिहीत नव्हते, म्हणून पैसा येतो आणि जातो कुठे तेच कळत नव्हते. ब्रश धरण्याआधी पेन्सिल धरा.

आणखी एक गोष्ट, ती पैशापेक्षा मोठी आहे. दर दुसऱ्या लग्नात मला कुणी तरी कानात सांगते, “पोरगी जरा सावळी आहे, गोरी करा.” गेल्या वर्षी एका नवरीच्या होणाऱ्या सासूबाई खोलीत आल्या आणि मुलीसमोरच म्हणाल्या, “दोन पट उजळ दिसली पाहिजे, आमचे पाहुणे येणार आहेत.” मुलीचे डोळे भरले. मी हात जोडून म्हटले, “ताई, मी उजळ लावीन, पण गळा आणि हात तिचेच राहतील, आणि फोटोत मुखवटा दिसेल. तुम्ही दहा मिनिटं बसा, मला माझ्या पद्धतीनं करू द्या.” तिच्या रंगाला धरूनच केले. डोळे भरले, ओठांना डाळिंबी रंग दिला, नथ घातली. नवरात्रात आपली अंबाबाई बघा, रोज वेगळ्या रूपात पूजा बांधतात, साज बदलतो, पण मूर्ती काळ्या पाषाणाचीच राहते आणि आपण तिच्यापुढे हात जोडतो. तो काळा रंग कुणी पुसायला जात नाही. त्या सासूबाईंनी बघितले आणि काही न बोलता सुनेच्या अंगावरून बोटे मोडली. दर वेळी असे गोड होत नाही. दोन कामे माझ्या हातून या बोलण्याने गेली आहेत. गेली तर गेली.

आणि गोरेपणासाठी बाजारात ज्या बिनपत्त्याच्या मलमांच्या डब्या मिळतात त्या घेऊ नका. अशा मलमांत पारा सापडतो, तो कातडीतून अंगात जातो आणि मूत्रपिंडे बिघडवतो. काहींत स्टिरॉइड असते, त्याने कातडी पातळ होते, केस उगवतात, आणि सोडले की चेहरा पेटतो. ज्या विद्येने मुलीला आजारी पाडले ती विद्या नव्हे. हे मी चार वर्षे मोजून शिकले आहे.

त्या चार वर्षांचे सांगून संपवते. २०२३ सालच्या मार्गशीर्षात एका सकाळी काकू आमच्या दारात उभ्या राहिल्या. त्या भाचीच्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरले होते. मला वाटले, पत्रिका द्यायला आल्या. त्या आत आल्या नाहीत. उंबऱ्यातूनच म्हणाल्या, “थोरलीनं सांगितलंय, मावशीलाच बोलवा. म्हणाली, ज्या बाईच्या हातून एकदा चुकलंय ती दुसऱ्यांदा डोळे उघडे ठेवील.” मग जरा थांबून म्हणाल्या, “पण आधी कानामागं लावून बघ हो.” मी मान डोलावली, बोलायला आवाजच फुटेना. आठ दिवस आधी गेले, कानामागे लावले, दोन दिवस थांबले. लग्नात थोरलीनेही माझ्याकडून मेकअप करून घेतला. चार वर्षांपूर्वीचा फोटो तिला परत मिळाला असे मी म्हणणार नाही. पण आता काकूंकडे साखर मागायला मी जाते.

मंडळापुढे माझी एकच विनंती आहे. महिन्यातून एका दुपारी मंडळाची खोली आम्हाला द्यावी. ज्या मुलींना शिकायचे आहे त्यांनी आपल्याच चेहऱ्यांवर हात बसवावा. आपल्यात सावळ्या आहेत, गोऱ्या आहेत, साठीच्या आहेत, मुरमे असलेल्या सुनाही आहेत. एवढे वेगवेगळे चेहरे कुठल्या क्लासात मिळायचे? मी फी घेणार नाही. मला जे येते ते देईन, येत नाही ते सांगेन.